लिंबूटिंबूला जमेल असा खेळ

खेळण्यांच्या दुकानात एक बाई खोकी उलटून मागे छापलेली वयं वाचत होत्या. शेवटी दुकानदारच म्हणाला, "घरात सगळ्यांत लहान कोण? त्याला जमेल तो खेळ घ्या." बाई जरा थांबून म्हणाल्या, "सासरे."

मी हातातली सापशिडी धरून तसाच उभा राहिलो.

लहानपणी रविवारी आमच्या घरी पत्त्यांचा गाढव-झब्बू चाले. शेवटी ज्याच्या हातात पत्ते उरतील, तो गाढव. मी लिंबूटिंबू; कितीही चुकलो तरी गाढव होत नसे. पहिल्यांदा झालो तेव्हा खूप रडलो. बाबा म्हणाले, "आता तू खरा खेळायला लागलास."

गेल्या रविवारी बदामाची उतारी होती आणि हातात बदाम असताना बाबांनी किलवर टाकलं. आम्हा भावंडांना ते कळलं, पण आम्ही तसंच पुढे खेळत राहिलो. माणसाला हरू द्यायचं नाही असं ठरलं, की तो खेळातून उठलेलाच असतो.

डाव संपला. बाबांनी विचारलं, "मी गाढव ना रे?"

"नाही बाबा," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या हातात अजून सात पत्ते होते.