दुसरी चावी ज्योत्स्नाबेनकडे

हसायचं असेल तर चहा आधी संपवून घ्या. नंतर ठसका लागला तर मला बोलू नका.

लेकीच्या साखरपुड्याचे फोटो आमच्या कॉम्प्युटरवर होते. फक्त तिथेच. रविवारी विहीणबाई ते बघायला येणार, आणि कॉम्प्युटर सारखा अडकायला लागला. जेसल पार्कच्या रमेशभाईकडे दुरुस्तीला द्यायचं ठरलं.

बायको म्हणाली, "दुकानात दहा जण येतात-जातात. पोरीचे फोटो कुणी बघायला नकोत."

मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्येच कुलूप असतं की. फोल्डरवर 'एन्क्रिप्ट' केलं. फायलींची नावं हिरवी झाली. क्लिक करून बघतो तर फोटो बिनबोभाट उघडले. बायकोने करून बघितलं, तिलाही उघडले.

"हे कसलं हो कुलूप?"

आता तुम्हीच सांगा, घरातल्यांना आपोआप उघडणारं कुलूप पाहिलंय कधी? मला काही कळेना. कोपऱ्यात कॉम्प्युटर इंग्रजीत 'की'ची, म्हणजे चावीची, कॉपी ठेवा असं काहीतरी सांगत होता, ते मी बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रमेशभाईचा फोन. "अंकल, फोटो रहेंगे, बाकी सब साफ करके नया डालता हूँ. शाम को मशीन घर छोड़ दूँ?"

"छोड दो."

"वो दूसरी चाबी कहीं रखी है ना?"

आमच्या बिल्डिंगमध्ये घराची जास्तीची चावी समोरच्यांकडे असतेच. म्हटलं, "है ना. सामने ज्योत्स्नाबेन के पास."

"बढ़िया. फिर टेन्शन नहीं."

मशीन घरी आली. फोटो जागच्या जागी, हिरवेगार. पण उघडेनात. म्हणे, तुम्हाला परवानगी नाही. अहो, तेच नाव, तोच पासवर्ड! मी म्हणजे मी नव्हेच, असं माझाच कॉम्प्युटर मला सांगत होता.

रमेशभाईला फोन केला, तर म्हणाला, "चाबी लगाओ ना, ज्योत्स्नाबेनवाली."

गेलो. ज्योत्स्नाबेननी चावी दिली. "शूं थयुं भाई, दरवाजा लॉक हो गया?" खरं सांगतो, ती घेऊन मी कॉम्प्युटरच्या मागे भोक शोधत बसलो. शेवटी पुन्हा फोन केला.

रमेशभाई म्हणाला, "अंकल, मैं फोटो के लॉक की चाबी पूछ रहा था. वो तो पुराने सिस्टम में थी, इसीलिए घर में अपने आप खुलता था. सब साफ हो गया."

बायकोने ती चावी ज्योत्स्नाबेनना परत नेऊन दिली.

रविवारी विहीणबाई जेवून टीव्हीसमोर बसल्या. "दाखवताय ना फोटो? सांभाळून ठेवलेत ना?"

म्हटलं, "काळजीच नको. इतके सुरक्षित आहेत, की मलासुद्धा दिसत नाहीत."