डूगल खुर्चीत बसला त्याची गोष्ट

डूगल मॅकफेलच्या बाबतीत अकरा वर्षं माझा गैरसमज होता, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर गाव म्हणायला मोकळं, की नेटा बुकॅनन आपलं ठेवते झाकून आणि दुसऱ्याचं बघते वाकून.

मी पुलाजवळच्या दुकानात किल्ट, म्हणजे इकडच्या पुरुषांचे चुणीदार लोकरी घागरे, शिवते. एकतीस वर्षं झाली. त्याआधी लोगनबाईंच्या हाताखाली नऊ वर्षं काढली आणि त्यांच्या बोटातल्या अंगुस्तानाचे टोले डोक्यावर खाल्ले. डूगल आमच्याच गावचा. हिवाळ्यात बर्फ पडलं की रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी चालवतो. पहाटे चारला निघून वरच्या शेवटच्या शेतापर्यंत जातो, आणि कोणाचं औषध, कोणाची पाव-दुधाची पिशवी जाता जाता केबिनमध्ये घालून नेतो. माणूस आडवा, ऐसपैस. दारातून आत आला की माझ्या दुकानातला उजेड कमी होतो. पोट म्हणाल तर चांगलं गोल, आणि त्याला त्याचं काही वाईट वाटत नाही. निदान पँटमध्ये असताना तरी नाही.

गावात त्याची ख्याती वेगळीच होती. लग्न असो, मयत असो, ऑगस्टमधले खेळ असोत, किल्ट घालून आलेला डूगल कधी बसत नसे. कोणीतरी खुर्ची पुढे करायचं, तो लगेच एखाद्या म्हातारीला ती द्यायचा आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहायचा. खेळांच्या मैदानावर तर त्याची खुर्ची दरवर्षी ठरलेली गिलीजबाईंना जायची. त्या आता शहाऐंशीच्या. काठी टेकत थेट त्याच्याकडेच यायच्या. आया पोरांना सांगायच्या, बघा, रीत शिकायची तर डूगलकडून. मीही सांगितलंय.

आमच्या खेळांना दरवर्षी एक मानकरी असतो. वाजंत्र्यांच्या पुढे पूर्ण पोशाखात चालत तो पुलापासून मैदानापर्यंत येतो, आणि मग बक्षिसं वाटेपर्यंत मांडवातल्या उंच पाठीच्या खुर्चीत सगळ्यांसमोर बसतो. हा मान आजवर जमीनदारांकडेच गेला. यंदा मार्चमध्ये समितीने डूगलचं नाव घेतलं. एकही हात खाली राहिला नाही. समितीत मी आहे, आणि तो निरोप त्याला द्यायला मीच गेले होते. तो लाल झाला, टोपी काढली, आभार मानले.

मे महिन्यात तो दुकानात आला आणि म्हणाला, दुसऱ्या कोणाला तरी बघा.

मला राग येतो तेव्हा मी इस्त्री खाली ठेवते, एवढी अक्कल मला आहे. इस्त्री ठेवली आणि त्याला विचारलं, आता तुला काय झालं? तो गाडीच्या दुरुस्तीचं काहीतरी बोलला. मग गुडघ्याचं. मग म्हणाला, त्याच्यासारख्या मीठवाल्याला ते शोभत नाही. तिन्ही कारणं फुसकी. मी म्हटलं, गाव डोक्यावर घेतंय आणि तुला नखरे सुचतात. जा, किल्ट घेऊन ये, कुठे उसवला असेल तर बघते, बाकीचं नंतर बोलू.

तो किल्ट त्याच्या बापाचा. आर्ची मॅकफेल, आमचा टपालवाला, शिडीसारखा उंच आणि तसाच काटकुळा. लोगनबाईंनी शिवलेला, आठ वार जाड लोकर, गर्द हिरव्या-निळ्या चौकड्याचा. आर्ची गेल्यावर तो डूगलकडे आला, आणि डूगल जसजसा रुंद होत गेला तसतशी मी त्याची बक्कलं सरकवत गेले. तीनदा. तिसऱ्या वेळी ती पार काठाला आली.

त्याने पडद्यामागे जाऊन किल्ट घातला आणि बाहेर आला. मी चहा ओतला आणि खुर्ची पुढे केली. तो म्हणाला, उभाच बरा आहे. मी म्हटलं, इथे कोणी म्हातारी नाही तुझी खुर्ची घ्यायला. मी आहे, पण मला काम आहे. बस.

तो बसला. पट्टा पोटात रुतला, पाठीमागून किल्ट वर चढला आणि पुढचा पदर मांडीपर्यंत उघडला. पुढे लटकणारी कातडी पिशवी, म्हणजे स्पोरन, तिची साखळी आधीच कमी पडत होती. ती पोटाखाली अडकून एका बाजूला कलली. त्याने ती दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मोज्यांचे पट्टे पोटऱ्यांत एवढे घट्ट, की वर मांस फुगून आलं होतं.

मी पाठ फिरवली. चहात साखर ढवळत राहिले, मी साखर घेत नसताना.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"तू दुसऱ्यांदा बक्कलं हलवलीस तेव्हापासून."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"काय सांगू? तू म्हणालीस, झकास बसलाय."

आणि खरंच म्हणाले होते. कारण मी त्याला आरशासमोर उभं करायची, मागे सरून बघायची आणि झकास म्हणायची. चाळीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला माप घेताना बसवलेलं नव्हतं. लोगनबाई बसवत नव्हत्या, म्हणून मी बसवत नव्हते. सगळ्या गावाने ज्याला रीत म्हणून नावाजलं ती माझ्या हातची चूक होती. मला इतकी लाज वाटली की तो गेल्यावर मी दुकान तासभर बंद ठेवलं.

पण जाण्याआधी मी त्याला नवा किल्ट सुचवला होता. तो ऐकेना. बापाचा सोडून दुसरा घालायचा तर मान नको, म्हणाला, आणि हा तर आता आपल्याला होत नाही. बापाने चाळीस वर्षं त्यात खेळ बघितले. एवढा मोठा माणूस, आणि परत पँट चढवून, सुटी स्पोरन छातीशी धरून हे सांगत होता.

मी किल्टची मागची बाजू त्याच्यासमोर टेबलावर पसरली आणि एक चुणी बोटाने उघडून दाखवली. चुणीच्या आत चुणी, तिच्या आत हातभर कापड.

"तुझ्या बापाचा किल्ट लहान नाही, डूगल," मी म्हटलं. "घडी घातलाय एवढंच. आर्चीला कंबरच नव्हती, म्हणून बाईंनी सगळं आत दाबून ठेवलं."

त्याने त्या चुणीत आपलं बोट घालून बघितलं.

मग मी उसवायला घेतलं. लोगनबाईंचे टाके उसवणं म्हणजे भिंतीतून खिळे उपटणं. चार संध्याकाळी गेल्या. चुण्यांच्या पोटातलं कापड कधी ऊन न बघितलेलं, नव्यासारखं गडद निघालं. नव्या घड्या घातल्या तर जुन्या फिक्या पट्ट्यांशेजारी गडद पट्टे दिसणार होते. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, दिसू दे.

खरी कुस्ती पुढे होती. लोगनबाईंचा नियम, किल्टची वरची कड नाभीच्या वर दोन बोटं, देव आला तरी. पण पोट असलेल्या माणसाचा किल्ट तिथे राहत नाही. तो घसरतो, मग माणूस पट्टा आवळतो, मग श्वास आवळतो. आर्ची उंच असल्याने वर कापड भरपूर होतं. तीन दिवस मी कात्री घ्यायची आणि ठेवायची. चौथ्या दिवशी, बाईंच्या फोटोकडे न बघता, पुढची कड पोटाखालून जाईल अशी उतरती कापली आणि मागची उंच ठेवली. पदर रुंद केला. स्पोरनची साखळी वाढवून ती नितंबांवरून सैल सोडली. वर कोट आणि बंडी असताना रुंद पट्ट्याचं काम नसतं, तो काढून टाकला. मोज्यांना रुंद, मऊ इलॅस्टिक लावलं. आत काय घालायचं हे बाहेरचे लोक नेहमी विचारतात. मी शिवणारी आहे, मला माहीत असतं आणि मी सांगत नाही. डूगलला मात्र सांगितलं की मांड्या घासून सोलायच्या नसतील तर सुती, गुडघ्यापर्यंतचं घाल, आणि कोणी हसलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

जूनभर तो दर गुरुवारी दुकानात येऊन बसायला शिकला. हसू नका. उलट्या हाताने चुण्या खाली सारायच्या, सावकाश टेकायचं, स्पोरन गुडघ्यांमध्ये सोडायची आणि मग हात काढून घ्यायचे. हात काढून घेणं त्याला सगळ्यात जड गेलं. लाकडी खुर्ची, स्टूल, माझा खचलेला सोफा, सगळीकडे बसून झालं. शेवटच्या गुरुवारी तो सोफ्यावर लोणी लावलेले दोन स्कोन पाव खाऊन पेंगला. मी उठवलं नाही.

खेळांच्या दिवशी रिपरिप होती आणि चिलटं होतीच. वाजंत्री घुमली आणि डूगल पुढे निघाला. प्रत्येक पावलाला फिके-गडद पट्टे उघडत मिटत होते. मांडवात आला, उलटा हात फिरवला आणि बसला. नीट मागे टेकून, पाय पसरून. हात खुर्चीच्या हातांवर. माझ्या शेजारी त्याची बायको इसबेल होती. ती म्हणाली, हा आता उठायचा नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी तिला गप्प बस म्हटलं.

एवढ्यात गर्दीतून काठी टकटकली. गिलीजबाई. अकरा वर्षांची सवय, त्या सरळ मांडवात शिरल्या आणि मानकऱ्याच्या खुर्चीपुढे येऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूचे तीनचार जण आपली खुर्ची द्यायला उठले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

डूगल उठला. मला वाटलं, झालं. महिनाभराची मेहनत पाण्यात, परत तो भिंत शोधणार.

त्याने बाईंना हाताला धरून उंच खुर्चीत बसवलं. मग उलटा हात फिरवला आणि त्यांच्या पायाशी ओल्या गवतावर फतकल मारली. गुडघे जुळवले, पदर सारखा केला, हात काढून घेतले आणि इसबेलला म्हणाला, चहा आण ना.

संध्याकाळपर्यंत तो तिथेच बसला होता. बक्षिसंही बसूनच वाटली.

किल्टवर गवताचा डाग पाडून आणणाऱ्याला मी काय काय बोलते हे गावाला पाठ आहे. सोमवारी डूगल किल्ट घेऊन आला. मागे परातीएवढा हिरवा डाग. तो दारातच उभा राहिला, शिव्यांची वाट बघत.

मी म्हटलं, बस, चहा टाकते. डाग अजून पूर्ण गेलेला नाही. मी फार घासलाही नाही.