आधीच्या माशीचा हक्क

नव्या कोळ्याच्या गटाला नाव देताना मी फक्त कोळ्यांच्याच यादीत पाहिलं. ही चूक पहिल्या वर्षाच्या पोरांनी करावी अशी आहे, आणि मी तर बुलढाण्याच्या एका कॉलेजात केस पिकेपर्यंत प्राणिशास्त्र शिकवत आलोय. प्राण्यांच्या गटाचं नाव सगळ्या प्राणिसृष्टीत एकदाच वापरता येतं. कोळ्याला दिलेलं नाव आधी एखाद्या माशीच्या नाहीतर गोगलगायीच्या गटाला असेल, तर जे आधी छापलं गेलं ते टिकतं आणि नंतरचं सोडावं लागतं. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो.

तो कोळी मला बीबीजवळच्या माळावर दगडाखाली सापडला होता. बीबी हे आईचं माहेर. कोळी इतका वेगळा निघाला की त्याच्यासाठी नवा गटच करावा लागला, आणि मी त्या गटाला आईचं माहेरचं नाव दिलं. लग्न होऊन अमडापुरात आल्यापासून तिला त्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. मामा तेवढे हाक मारायचे. ते गेले आणि ती हाकही बंद झाली. "माह्यं नाव किड्याले देल्लं?" म्हणून आई आधी रुसली. मग छापलेल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागली. शेजारच्या चाचींनी तर तिला त्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली. ती हाक आली की आई हातातलं काम टाकून "ओ" द्यायची. मला फार बरं वाटायचं.

मग माश्यांवर काम करणाऱ्या एका तरुण संशोधिकेची मेल आली. 'सर, हे नाव दूरच्या देशातल्या माश्यांच्या एका गटाला फार पूर्वीच दिलेलं आहे. नवं नाव मलाही देता आलं असतं, पण गट तुमचा आहे, म्हणून आधी तुम्हाला विचारते.' आमच्या क्षेत्रात असा रिवाजच आहे. चूक ज्याला सापडते, त्याने आधी मूळ नाव देणाऱ्याला कळवायचं आणि दुरुस्तीला वेळ द्यायचा. हे ठाऊक असूनही माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती माशी कुणाच्या लक्षात आहे, असली मढी उकरण्यात तुमची पिढी पटाईत, असं काहीबाही मी लिहून पाठवलं. तिने उत्तरात फक्त त्या जुन्या पानाचा फोटो पाठवला. मला माझीच लाज वाटली. पण तेवढ्यावर थांबेन तर मी कसला!

असे तंटे सोडवणारं एक आंतरराष्ट्रीय मंडळ आहे. माशीचं नाव बाद करून माझं राखावं, असा अर्ज मी तिथे करायला घेतला. नंतरचं नाव सगळीकडे रुळलेलं असेल, तर मंडळ क्वचित ते राखतं. मात्र ते कोणकोण वापरतं हे दाखवावं लागतं. माझं नाव वापरणारा जगात मी एकटाच होतो. मी आणि चाची. अर्ज अर्धवटच राहिला.

शेवटी मुकाट्याने बदली नाव शोधलं. या वेळी मात्र सगळ्या प्राण्यांमध्ये पाहिलं. आईचं सासरचं नाव मोकळं होतं. म्हटलं, झकास, मान घरातच राहिला. सकाळी ते नाव संपादकांना पाठवलं आणि तशीच गाडी काढून आईला सांगायला अमडापूरला गेलो.

आई आत अंबाडीची भाजी निवडत बसली होती.

"माय, त्या नावाची एक माशी पह्यलेच हाये. थे जुनी. आपल्याले नाव सोडा लागते."

तिचा चेहरा उतरला.

"मंग पह्यलीचाच हक," ती म्हणाली. "माह्यं बी असंच झालं होतं बाप्पा. सासरी थोरल्या जाऊचं तेच नाव होतं. एका हाकेले दोघी कशा उठतीन? म्हनून माह्यं बदललं. ताटात तांदूळ पसरले अन् तुह्या बापानं आंगठीनं त्यात नवं नाव काढलं. मी वाकून वाचलं, तवा मले समजलं माह्यं नाव काय हाये ते. पह्यले कोनं इचारलं नोतं."

हे मला माहीतच नव्हतं. लग्नात नाव बदलतात, एवढंच धरून चाललो होतो. तिचं का बदललं, हे विचारावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

तिने एक देठ खुडला. "जाऊ दे. पन या वक्ती तरी मले इचारून ठेवजो. मी इचार करून सांगीन."

"हाव," मी म्हणालो. तिच्याकडे बघवेना. ज्या पोरीला मी वाट्टेल ते लिहिलं, तिने नाव बदलण्याआधी मला विचारलं होतं. आणि मी तांदळातलं तेच नाव पुन्हा आईच्या माथी मारून आलो होतो, वर स्वतःवर खूश होऊन.

ओट्यावर येऊन संपादकांना लिहायला घेतलं: सकाळचं नाव कृपया धरू नये, दुसरं कळवतो. कारण काय द्यावं, ते सुचेना. मग खरं तेच लिहिलं, की जिच्यासाठी नाव द्यायचं तिला विचारायचं राहून गेलं. तेवढ्यात शेजारून चाचींनी आईला हाक मारली, त्याच माहेरच्या नावाने.

आतून "ओ" आली नाही.