हरिबांचा नकार

शिरूर कासारच्या ओव्हाळांची उज्ज्वला डॉक्टर झाली तेव्हा तिच्या आईला वाटलं होतं, आता लेक दाराला पाटी लावून दवाखान्यात बसेल. उज्ज्वला जाऊन बसली ती रुग्णवाहिकेत. जागा तीच मिळाली म्हणून बसले, असं ती मोकळेपणानं सांगायची. पण पाच-सहा वर्षांत ते काम तिच्या अंगात मुरलं. गेवराई तालुक्यातले रस्ते, फाटे, वस्त्या तिला पाठ झाल्या. गाडीचा चालक पवन म्हणायचा, "मॅडम, तुमी झोपेतबी चकलांब्याचा रस्ता सांगताल."

तिची एक सवय पवनला सुरुवातीला विचित्र वाटायची. माणूस कितीही कळवळत असला तरी, तो शुद्धीवर असेल तर ती आधी विचारायची, "हात लावू का? सुई टोचते, चालंल का?" पवन हसायचा. आजाऱ्याला काय विचारायचं? पण उज्ज्वलाला शिकवताना हेच आधी शिकवलं होतं. समजून-उमजून बोलणाऱ्या मोठ्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही. बेशुद्ध असेल त्याचा मात्र होकारच आहे असं धरून चालायचं. आणि एकदा हाती घेतलेला रुग्ण दुसऱ्या डॉक्टरच्या ताब्यात दिल्याशिवाय सोडायचा नाही. बरोबरच्या काही जणांनी हे परीक्षेपुरतं पाठ केलं. उज्ज्वलाच्या मनात ते घर करून बसलं.

माघातल्या एका दुपारी चकलांब्याच्या शिवारातून फोन आला. मेंढपाळ माणूस, छातीत दुखतंय. गाडी मोकळ्या रानात जाऊन थांबली तेव्हा हरिबा मेंढवाड्याच्या जाळीला टेकून बसले होते. साठीच्या पुढचा, काटक माणूस. अंगावर घोंगडं आणि थंडीतही कपाळावर घामाचे थेंब. फोन त्यांच्या बायकोनं, रतनबाईनं, शेजारच्या शेतातल्या माणसाकडून करवला होता. हरिबांना ते आवडलं नव्हतं.

"मामा, तपासू का?" उज्ज्वलानं विचारलं.

"आलीच हायेस तर बघ की, पोरी."

तिनं नाडी पाहिली, छातीला तारा लावल्या, हृदयाच्या ठोक्यांची ईसीजी पट्टी काढली. पट्टीवर झटका स्पष्ट दिसत होता. ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि साध्या शब्दांत म्हणाली, "मामा, काळजाला रक्त नेणारी नळी तुंबलीय. आत्ता बीडला गेलो तर ती मोकळी करायचा इलाज हाय. इथंच ऱ्हायलात तर काळीज कवाबी थांबू शकतं."

हरिबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग जाळीच्या आत पाहिलं. आत आठ-दहा मेंढ्या व्यायच्या बेतात होत्या. "परवा लांडग्यानं दोन पिल्लं नेली. मी गेलो तर ही एकली. म्या न्हाई येत."

रतनबाई कळवळून म्हणाली, "अहो, मेंढरं ऱ्हाऊ द्या. मी बघते. उठा."

"तू गप. तुला दिसतंय का रातचं?"

उज्ज्वलानं शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं. तो राखण करायला तयार होता. हरिबा मान हलवतच राहिले. त्यांना भीती नुसती मेंढरांची नव्हती, हे तिला कळत होतं. शहर, दवाखाना, खाटेवर पडून राहणं, यातलं काहीच त्यांना नको होतं. ती आणखी अजिजीनं बोलली. पुण्यात कामाला असलेल्या मुलाला, नाथाला, सांगू का म्हणून विचारलं. "सांग," ते म्हणाले, "पर घाबरवू नगस त्याला."

फोनवर नाथा ओरडलाच. "मॅडम, इचारताय काय? दोघंतिघं लागा आन् उचलून घाला गाडीत!"

"तसं करता येत न्हाई, दादा. ते पुरते शुद्धीवर हायेत."

"मग कशाला आलात तिथं?"

तिनं फोन हरिबांच्या कानाला लावला. बापलेकात काय बोलणं झालं ते तिनं ऐकायचं टाळलं. फोन परत देताना हरिबांचे डोळे भरले होते, पण उत्तर तेच होतं.

मग तिनं त्यांना आपल्या तोंडानं सांगायला लावलं, की नाही आलो तर काय होईल. "मरन येईल," हरिबा म्हणाले. "समजलंय मला. खुळा न्हाई मी."

"आन् शुद्ध गेली तर? तवा नेलं तर चालंल?"

हरिबांनी अंगावरचं घोंगडं सावरलं. "तवा ने. तवा मेंढरं कुठं दिसणार हायेत मला?"

रक्त पातळ करणारी गोळी चावून खायला ते तयार झाले. तिनं नियंत्रण कक्षातल्या वरिष्ठ डॉक्टरांशी बोलून ती दिली. नकाराच्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला, शेतकऱ्याची साक्ष घेतली. पण तेवढ्यानं आपलं काम संपलं असं तिला वाटेना. तिनं रतनबाईला छाती दाबायची कशी, ते घोंगड्याच्या गुंडाळीवर करून दाखवलं. "मामी, हे हाक मारून बोलले न्हाईत तर लगेच फोन. विचार करत बसू नका."

ती तिथंच थांबायच्या विचारात होती. पवननं गाडीचं तोंड रस्त्याकडं वळवून ठेवलं होतं. तेवढ्यात नियंत्रण कक्षाचा फोन आला. तीन-चार कोसांवरच्या एका वस्तीवर वनिता नावाची पहिलटकरीण अडली होती, रक्त जात होतं. जवळ दुसरी गाडी नव्हती.

उज्ज्वलानं हरिबांकडं पाहिलं. त्यांनीच हात हलवला. "जा, जा. तिकडं दोन जीव हायेत."

ती गेली.

वनिता खरोखरच अवघड अवस्थेत होती. तिला गाडीत घेऊन बीडचा रस्ता धरला, आणि अर्ध्या वाटेत त्या शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला. हरिबा कोसळले होते. उज्ज्वलाचा एक हात वनिताच्या पोटावर होता, दुसऱ्या हातात सलाईनची बाटली. पवननं आरशातून तिच्याकडं पाहिलं.

"मॅडम, वळवू?"

"न्हाई." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पुढं घे. दुसऱ्या गाडीला सांगते." तिनं सांगितलं. रतनबाईला फोनवर धरून, मोजत मोजत छाती दाबायला लावली. रतनबाई दाबत राहिली. तिचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. रस्त्यातच वनिताला मुलगी झाली, रडली. रुग्णालयाच्या दारात उज्ज्वलानं आईला आणि बाळाला तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या हवाली केलं, काय दिलं, किती रक्त गेलं ते सगळं सांगितलं, आणि मगच बाहेर आली. तोवर दुसरी गाडी मेंढवाड्यावर पोचली होती. हरिबा राहिले नव्हते.

ती गाडीच्या पायरीवर बसली. पवननं पाण्याची बाटली पुढं केली. ती तिनं घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली.

तेरावं झाल्यावर नाथानं तक्रार केली. मरणाच्या दारातल्या माणसाला सोडून गेल्या, असं त्याचं म्हणणं. जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी लागली. पवननं तिला आधीच बजावलं, "मॅडम, कागद दाखवायचा आन् गप बसायचं. जास्ती बोलू नका." एका जुन्या सहकाऱ्यानंही तेच सांगितलं.

चौकशीच्या खोलीत नाथा, रतनबाई, पवन आणि साक्षीदार शेतकरी बसले होते. अधिकाऱ्यांनी कागद पाहिला, नियंत्रण कक्षाचं रेकॉर्ड ऐकलं आणि मान डोलावली. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण तिथंच मिटलं होतं. पण नाथा उठून उभा राहिला. चाळिशीचा, रापलेला, बापासारखाच काटक.

"साहेब, कागदाचं मला सांगू नका. मला बाईंना एकच इचारायचंय. तुमी तिथं थांबल्या असत्या तर माझा बाप वाचला असता का?"

अधिकारी म्हणाले, "या प्रश्नाचं उत्तर देणं तुम्हाला बंधनकारक नाही."

उज्ज्वलानं नाथाकडं पाहिलं. "कदाचित वाचले असते," ती म्हणाली. "काळीज थांबल्यावर विजेचा झटका द्यायचं यंत्र गाडीत होतं. मी तिथं असते तर दिला असता. लागू पडला असता का, ते मला ठाऊक न्हाई. आन् मी थांबले असते तर ती बाई गेली असती, बाळबी गेलं असतं. त्या वक्ताला मी तिकडं गेले. आजबी तेच करीन. पर तुमच्या प्रश्नाला 'न्हाई' म्हणणं खोटं होईल."

अधिकाऱ्यांनी कपाळावरून हात फिरवला. पवननं मान खाली घातली.

मग रतनबाई बोलली. पदर सावरून, हळू, पण खणखणीत. "नाथा, त्या पोरीनं तुझ्या बापाला चारदा इचारलं. उभ्या जन्मात त्यांना कुणी एवढं इचारलं न्हाई. आमच्या लग्नातबी न्हाई. त्यांचा जीव, त्यांचं 'न्हाई'. मी त्यांच्या पाया पडले तरी ते उठले न्हाईत. मग ह्या पोरीनं काय दोरी लावून वढायचं व्हतं?"

"पर आये..."

"तुला राग करायचा तर त्यांच्यावर कर. मीबी करते."

नाथा खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो मोठ्यानं रडला, इतके दिवस कुणासमोर न रडलेला माणूस. रतनबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

चौकशीत उज्ज्वलावर ठपका आला नाही. बाहेर पडताना नाथा तिच्याजवळ आला. माफी मागायला नव्हे, आणि तिलाही ती नको होती. त्यानं विचारलं, "माझ्याशी बोलून फोन ठिवल्यावर ते काय म्हनले?"

"'येत न्हाई' एवढंच म्हणले. डोळे पुसले. आधी मात्र मला म्हणाले व्हते, पोराला घाबरवू नगस."

नाथानं मान हलवली. "मला तर ते म्हनले, ये लवकर, मेंढ्या व्याय लागल्यात." तो थोडा थांबला. "यायला पाहिजे व्हतं मी."

उज्ज्वलाला काहीतरी धीराचं बोलावंसं वाटलं. पण जे खरं आहे की नाही ते तिला माहीत नव्हतं, ते बोलणं तिला जमलं नाही. ती त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेली. रतनबाई हळूहळू मागून येत होती, म्हणून दोघं तिच्यासाठी थांबले.