दुसरं व्हायोलिन

मारुंजीच्या आमच्या सोसायटीत दादासाहेब राहायला आले ते २००१ साली, नांदेडहून. हिंजवडीच्या एका कंपनीत हिशेबनीस. माणूस सरळ, पण नंबराचा भारी सोस. कुणाचंही पोर जिन्यात भेटलं की पहिला प्रश्न, "वर्गात कितवा?" त्यांची ज्ञानदा व्हायोलिन वाजवायची, तेही पाश्चात्त्य पद्धतीचं. मुंबईच्या स्पर्धेत एकटीने वाजवून ती पहिली आली, तेव्हा त्यांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. मी समोरच्या दारातली, मला दोनदा मिळाले.

पण एकटीने वाजवण्यात ज्ञानदाचा जीव नव्हताच. शनिवारी सकाळी ती गाडी काढून कासार आंबोलीला पळायची. तिथे तिच्या वाजवणाऱ्या मित्राचा, निषादच्या घरच्यांचा बंगला होता. निषाद आणि ती व्हायोलिनवर, आणखी दोघं व्हायोला आणि चेलो या व्हायोलिनच्या थोरल्या भावंडांवर. चांडाळ चौकडी म्हणायचे मी त्यांना. एकदा मलाही घेऊन गेली. बंगला सांभाळणाऱ्या बानूबाई चहा देताना म्हणाल्या, "लई ग्वाड वाजवत्यात, पर भांडत्यात बी लई." भांडत होती खरी. घरात मान खाली घालून वावरणारी ही मुलगी एका सुरासाठी निषादला चक्क गप्प करत होती. परतताना मला म्हणाली, "काकू, एकटी वाजवते तेव्हा लोक माझ्याकडे बघतात. इथे आम्ही एकमेकांचं ऐकतो." इतकी खूश मी तिला घरी कधी पाहिली नव्हती.

२००४ साली चौघांना जर्मनीहून बोलावणं आलं. दोन वर्षं तिथे राहायचं, शिकायचं, गावोगाव वाजवायचं. सोबत छापील पत्रक होतं: पहिलं व्हायोलिन निषाद, दुसरं व्हायोलिन ज्ञानदा. झालं! दादासाहेबांचं डोकं तिथेच अडकलं.

"दुसरं? पहिली आलेली मुलगी दुसरी कशी होते?"

ज्ञानदाने परोपरीने सांगितलं, तो नंबर नाही बाबा, ते काम आहे; सगळ्यांना धरून ठेवणारे मधले सूर दुसऱ्याकडे असतात. ते ऐकेनात. थेट निषादला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "काका, अदलाबदल करू, माझी काहीच हरकत नाही." पण ज्ञानदाच म्हणाली, "मला दुसरंच वाजवायचंय." हे तर त्यांना फारच लागलं.

"स्वतःहून मागे बसायला मी तुला वाढवलं नाही," ते म्हणाले. "जायचं तर एकटीने जा, स्वतःच्या नावाने जा."

ज्ञानदाची आई, आशालतावहिनी मध्ये पडल्या, मी पडले, दोघींनी बोलणी खाल्ली. ज्ञानदाने मात्र त्या दिवसानंतर विषयच सोडला. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू, अजूनही येतो. सुरासाठी भांडणाऱ्या मुलीने स्वतःसाठी ब्रही काढला नाही. चौकडी दुसरी मुलगी घेऊन गेली.

मग ज्ञानदाचे एकटीचे कार्यक्रम सुरू झाले. कंपन्यांची स्नेहसंमेलनं, लग्नांची रिसेप्शनं. मागे रेकॉर्ड केलेली साथ आणि पुढे ही, सिनेमातली गाणी वाजवत. पोस्टरवर नाव ठळक, दादासाहेब खूश. तिचा सकाळचा सराव कधी बंद पडला, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मला समोरच्या घरातली ती शांतता रोज टोचायची.

२०१० साली चौकडी पुण्यात वाजवायला आली. निषादने पास पाठवले. ज्ञानदा नको म्हणत होती, दादासाहेबांनीच ओढून नेलं. मीही गेले. अशा वाद्यांचा कार्यक्रम ते प्रथमच पूर्ण ऐकत होते, आणि काय सांगू, माणूस पुढे वाकून, श्वास रोखून ऐकत होता. शेवटच्या सुराला त्यांचे डोळे भरून आले. टाळ्या वाजवत ते ज्ञानदाकडे वळले.

"ती हिरव्या साडीतली मुलगी बघ. बाकीचे तिघं तिच्या आधाराने वाजवतायत. आता तीच पहिली ना गं?"

"नाही बाबा," ज्ञानदा म्हणाली, "ती माझ्या जागेवर बसलीय."