कोऱ्या कागदाचं वजन

"हवा काही विसरत नाही," असं आत्या नेहमी म्हणायची. कॉलेजच्या गच्चीवर तिनं तीस वर्षं हवेतली धूळ कागदावर धरून तोलली. निवृत्तीच्या दिवशी मी तिला न्यायला गेलो, तेव्हा तुलनेसाठी डबीत बंद ठेवलेला कोरा कागद मधोमध करडा झाला होता.

"झाकण सैल राहिलं असेल, आत्या."

"तीस वर्षांत कधी राहिलंय का रे, शहाण्या? वास घे."

वर्षापूर्वी वारलेल्या आतोबांच्या चिरुटाचा वास होता.

"नोंदवू नकोस. तुझ्या सगळ्या आकड्यांवर लोक शंका घेतील."

"घेऊ देत."

तिनं कागद तोलून वजन वहीत लिहिलं आणि "तू मागून ये," म्हणत ती एकटीच निघाली. गच्चीवरून मी पाहत राहिलो. भर दुपारी रस्ता लख्ख होता. तिच्या शेजारची हवा तेवढी धुरकट होती, आणि तिच्याबरोबर चालत होती.