कातळवीर परत आला तेव्हा

हे मी कित्येक दिवस कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही. रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर भाट्याच्या पुलापर्यंत चालत जातो, त्या मित्रांनाही नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठायचो – शाळेचं, आंब्याचं, कुणाच्या तरी लग्नाचं. आज बसलोय. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

आधी कातळवीर कोण ते सांगतो, कारण तो नसता तर यातलं काहीच घडलं नसतं.

आमच्या लहानपणी रत्नागिरीत एक कॉमिक निघायचं. लिहिणारे, काढणारे, छापणारे एकटे नाना. चिरेखाणीत काम करणारा एक तरुण सुरुंगात गाडला जातो, आणि बाहेर येतो तेव्हा त्याचं अंग जांभ्या दगडाचं झालेलं असतं. तो कातळवीर. सड्यावरच्या उघड्या कातळी माळावरून धावायचा, बुडती होडी एका हाताने ओढून काढायचा. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर नवा अंक लागला की आम्ही पोरं शाळा सुटल्यावर घरी न जाता तिकडे. मग एके वर्षी अंक यायचा थांबला. नानांनी छापखाना बंद केला आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले.

मी चित्रकलेचा शिक्षक झालो तो त्या अंकांमुळे. पुढे मोबाइल हातात आल्यावर मी जुन्या वाचकांचा एक ग्रुप काढला. खेडचे, संगमेश्वरचे, मुंबईत नोकऱ्या करणारे, एकजण तर दुबईचा. सगळे चाळिशी-पन्नाशीतले. कुणी जुन्या मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, की दिवसभर त्यावर गप्पा. वाद झाला तर सगळे म्हणायचे, सरांना विचारा. सर म्हणजे मी. ते मला आवडायचं का? – फार आवडायचं.

कातळवीर परत आला पाहिजे, असं ग्रुपवर रोज कुणीतरी लिहायचं. नानांचे हात तोवर थरथरायला लागले होते. मी सवडीने त्यांच्याकडे जायचो, मी काढलेली पानं दाखवायचो. ते बघायचे, “चांगलं आहे रे,” म्हणायचे आणि सुनेला चहा टाकायला सांगायचे. मी मनात ठरवून टाकलं होतं की हे काम माझ्याकडेच येणार. मला तसं कुणी म्हटलं होतं का? कधीच नाही.

आणि रेश्माला नानांकडे घेऊन गेलो तोही मीच.

रेश्मा माझी विद्यार्थिनी. पावसहून एसटीने शाळेत यायची. वडील मुंबईला कामाला, घरी आई आणि ती. पुढे ती मुंबईला चित्रकला शिकली आणि परत गावी आली. तिची चित्रं नानांना दाखवावीत एवढ्याच विचाराने नेलं – थोडं मिरवायलाही, माझी विद्यार्थिनी म्हणून. नानांनी तिची पानं हातात घेतली आणि एकेक पान पुन्हा पुन्हा बघत राहिले. चहाचं विसरले. मग त्यांनी तिला एकच विचारलं.

“आमच्या सुमनचं काय करशील गो तू?”

सुमन म्हणजे कातळवीराची बहीण. जुन्या प्रत्येक अंकात तिला कुणीतरी बांधून ठेवलेलं असायचं आणि ती ओरडत असायची.

“तिला आधी सोडवीन,” रेश्मा म्हणाली.

नाना हसले. कितीतरी दिवसांनी असे हसले. मी शेजारी बसलो होतो, मीही हसलो. पण मला कळलं होतं की झालं, ठरलं.

पुढे नवा अंक काढायला मी तिला मदत केली. हे सांगायलाच हवं, कारण यामुळे माझं वागणं जास्तच वाईट ठरतं. मी पावसला जायचो, जुने अंक न्यायचो. तिच्या गोष्टीत सुमनला कातळाखालचं पाणी ऐकू येत होतं आणि गावाला पाणी तीच मिळवून देणार होती. एक चित्र तिला मनासारखं जमत नव्हतं – कातळवीराची मूठ आणि त्या मुठीवर सुमनचा हात. तिने मला पडवीत बसवलं, टेबलावर मूठ ठेवायला लावली, स्वतःचा डावा हात वर ठेवून उजव्याने काढायला लागली. काढायची, पुसायची. माझ्या हाताला मुंग्या आल्या. “सर, अजून थोडं,” म्हणायची. त्या दुपारी मी मनापासून खूश होतो. खोटं नाही सांगत.

मग अंक आला. पुण्याच्या एका लहान प्रकाशकाने काढला. ग्रुपवर नुसता धुरळा! एकाने लिहिलं, मुलीला वाचून दाखवला तर तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला. दुबईवाल्याने लिहिलं, विमानतळावर वाचत बसलो आणि डोळे पुसावे लागले. दुसरे चिडले. सुमनला शक्ती कशाला? कातळवीर एवढं शुद्ध बोलायचा, आता आमच्या घरच्यासारखा का बोलतो? रंग भडक, डोळे मोठे, आमचं लहानपण बिघडवलं. भांडणं झाली, रुसवे झाले. पण ज्यांचा जीव अडकलेला असतो तेच भांडतात ना? मी सगळ्यांना समजावत होतो, दोन्ही बाजू मांडत होतो. तेवढ्यावर राहिलो असतो तर –

नाही राहिलो.

प्रत्येक पोस्टखाली तिचं नाव. नानांचं नाव. माझं कुठेच नाही. अंकाच्या शेवटी आभार होते, त्यात ‘आमचे सर’ एवढंच होतं. तेही तिने प्रेमाने लिहिलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी एका दुपारी, घरात सगळे झोपलेले असताना, मी एक खोटं खातं उघडलं. नाव दिलं ‘जुना वाचक’. ग्रुपमध्ये त्याला मीच घेतलं. मग ते मुठीचं चित्र मोठं केलं. मुठीमागून सुमनचा अंगठा असा डोकावत होता की घाईत पाहणाऱ्याला कातळवीराची बोटं सहा वाटावीत. मी त्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं – बोटं मोजा. हे माणसाने काढलेलं नाही, एआय मशीनकडून करून घेतलंय. या मुलीने नानांना फसवलं आणि आपल्यालाही.

तो हात माझा होता. माझ्या हाताभोवती मी ते वर्तुळ काढलं होतं.

बस, एवढंच लिहिलं होतं. पुढचं लोकांनीच केलं, असं मी कितीदा स्वतःला सांगितलं असेल! पण पेंढ्याला काडी लावणाऱ्याने वाऱ्याला दोष द्यावा का? संध्याकाळपर्यंत ते चित्र ग्रुपबाहेर गेलं. ज्यांनी अंक हातातही धरला नव्हता ते बोटं मोजायला लागले. रेश्माला नको नको ते लिहिलं गेलं. प्रकाशकाने पुढचा अंक थांबवला, थोडं शांत होऊ दे म्हणाला. नाना फोनवर माझ्याशी तावातावाने बोलले. कोण हा मेला जुना वाचक, मला शोधून दे, म्हणाले. मी बघतो म्हणालो.

आणि याहून वाईट पुढे आहे.

रेश्मा शाळेत आली. मधल्या सुट्टीत, चित्रकलेच्या वर्गात. रडत वगैरे नव्हती. डोळ्यांखाली काळं झालं होतं, एवढंच. म्हणाली, “सर, तुम्ही समोर बसला होतात. तेवढं एकच ग्रुपवर लिहा. तुमचं ऐकतील.”

खरंच ऐकलं असतं. एका वाक्याचं काम होतं. आणि मी तिला म्हणालो की अशा गोष्टी आपोआप निवतात, आपण बोललो की आणखी पेटतं, तू शांत राहा. पाठीवर हात ठेवून म्हणालो. काय वाटलं असेल तिला? थोडा वेळ ती भिंतीवरची मुलांची चित्रं बघत उभी राहिली. मग “बरं,” म्हणाली आणि स्टँडकडे निघून गेली. घंटा झाली, मुलं आत आली आणि मी त्यांना फळ्यावर घागर काढून दाखवली.

का केलं? मत्सर. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

पण रेश्मा गप्प बसली नाही. ती आणि नाना, दोघांनी मिळून ठरवलं की मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावाला आले की सगळ्यांना बोलवायचं आणि सगळ्यांसमोर काढायचं. वाचनालयाच्या सभागृहात रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. खेडहून, संगमेश्वरहून माणसं आली, काही बायकामुलांना घेऊन. पुढे बोर्ड लावला होता. रेश्मा म्हणाली, कुणाचा तरी हात हवा. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मी मागच्या रांगेत होतो, बसून राहिलो.

खेडचा शशिकांत उठला. त्याचं तिथे इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि ते लाल वर्तुळ सगळ्यात जास्त त्यानेच पसरवलं होतं. जाऊन टेबलावर मूठ ठेवून बसला, परीक्षा घ्यायला आल्यासारखा. रेश्मा काढायला लागली. तिच्या खडूचा आवाज मागेपर्यंत येत होता. हळूहळू मूठ आली, मग वरचा हात, मग तो अंगठा – आणि पुन्हा बोटं सहाच दिसली! लोक कुजबुजले. तेव्हा तिने सुमनचं मनगट काढलं, अंगठा त्याला जोडला, आणि सगळ्यांना कळलं. शशिकांतने मूठ तशीच ठेवली होती. तशाच अवस्थेत तो म्हणाला, “ताई, मी न बघता पुढे पाठवलं. चुकलो मी.”

सगळ्यांसमोर म्हणाला. बायको-पोरं पुढच्याच रांगेत बसली होती.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. पहिल्या चित्रातला हात कुणाचा होता, ते रेश्माने शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर लोकांनी मला विचारलंच असतं – मग इतके दिवस गप्प का होता? ती मला वाचवत होती. वर तिने आभार मानले, पेन्सिल धरायला सरांनी शिकवलं म्हणाली. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मी हात जोडले. त्या दिवशी घरी जाऊन ‘जुना वाचक’ पुसून टाकला.

पुढचं सगळं छान झालं. दुसरा अंक आला, मग तिसरा. ग्रुपमध्ये आता पोरीबाळी आहेत, त्या आम्हा म्हाताऱ्यांशी बिनधास्त वाद घालतात. शाळेच्या गॅदरिंगला एक सुमन तर असतेच. त्या सकाळची गोष्ट मुलांना मी स्वतः रंगवून सांगायचो. मध्यंतरी सातवीतल्या एका मुलीने ती ऐकून विचारलं, “सर, रेश्माताईला सगळे बोलत होते तेव्हा तुम्ही काय केलंत?”

साधा प्रश्न. आणि मी म्हणालो, “मी टाळ्या वाजवल्या.”

त्यानंतर ती गोष्ट सांगणं मी बंद केलं. त्या रविवारी पावसला गेलो. रेश्मा पडवीतच काम करत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं – खातं, वर्तुळ, सगळं. ती पेन हातात धरून ऐकत होती. पेन खाली ठेवून म्हणाली, “मला वाटायचं, तुम्ही घाबरलात. तेवढंच वाटायचं मला.” मग म्हणाली, “ग्रुपवर लिहा. नावानिशी. आणि सर, आता काही दिवस इकडे येऊ नका.” आतून तिची आई सरबत घेऊन आली. मी ते घेतलं नाही.

नानांना त्याच दिवशी सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ग्रुपवर लिहिलं. आता तुम्हाला सांगतोय. ग्रुपचा कारभार शशिकांतकडे दिला. लोकांनी जे लिहायचं ते लिहिलं, मी सगळं वाचलं. चार दिवसांत ते विषय सोडून सुमनकडे वळले – पुढच्या अंकात ती समुद्राखाली जाणार की नाही, यावर आता जोरात भांडणं चाललीत. बरं वाटतं वाचून.

नवा अंक काल आला. मी तो स्टँडवर घेतला आणि तिथेच उभ्याने वाचला. फार चांगला आहे. पहिलाही चांगलाच होता – आणि ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.